काचेच्या जुन्या गोट्यांची परीक्षा

ज्या वस्तूवर कर्त्याचें नांव नाहीं, काल नाहीं, मुद्रा नाहीं, तिचा निर्णय कसा करावा, हा प्रश्न हस्तलिखितांच्या संग्राहकांस नवा नाहीं. पुष्पिका गळालेली पोथी किंवा मिति नसलेलें पत्र हातीं आलें म्हणजे कागद, शाई व अक्षराचें वळण पाहून आपण त्याचें स्थान ठरवितों. काचेची जुनी गोटी हें असेंच निनांवी साधन आहे. मुलांचें खेळणें म्हणून तिची फार काळ उपेक्षा झाली. परंतु १९७० सालापासून अमेरिकेंत तिच्या संग्रहाविषयीं स्वतंत्र ग्रंथ निघूं लागले व १९७५ सालीं तेथें संग्राहकांची संस्थाही स्थापन झाली. आज निवडक गोट्यांस बाजारांत मोठी किंमत येते. आणि जेथें किंमत आली, तेथें बनावट माल व रचलेल्या हकीकती आल्याच. म्हणून गोटीच्या परीक्षेंत अव्वल प्रमाण कोणतें व दुय्यम कोणतें, एवढ्याचाच विचार येथें कर्तव्य आहे. आमच्या मतें अव्वल प्रमाण एकच, आणि तें म्हणजे गोटीच्या अंगावर राहिलेली घडणीची खूण.

ही खूण समजण्यास घडणीची रीत प्रथम समजली पाहिजे. जर्मनींतील थुरिंजिया प्रांतांत लाउशा म्हणून गांव आहे. तेथें १५९७ सालीं काचेची भट्टी सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत तेथील कारागिरांनीं गोटीसाठीं एक विशेष कात्री योजिली. तिच्या एका पात्यास वाटीसारखा खोलगट भाग असे. रंगीत काचेचे पट्टे आंत घेऊन केलेली तापती कांडी ओढून लांब करावयाची, पीळ द्यावयाचा, मग तिचें टोक वाटींत फिरवून गोल करावयाचें व कापून घ्यावयाचें, असा हा क्रम होता. त्यामुळें आंतील रंगांच्या रेघा गोटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पीळ घेत जातात, आणि जेथें गोटी कांडीपासून तुटली तेथें खडबडीत किंवा घासून सपाट केलेला वण राहतो. या वणास पोंटिल म्हणतात. कांडीच्या मधल्या भागाच्या गोटीस असे दोन वण समोरासमोर असतात. कांडीच्या शेवटच्या टोंकाच्या किंवा एकेकटी घडविलेल्या गोटीस एकच असतो.

यंत्राची रीत निराळी. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत ॲक्रन येथें मार्टिन फ्रेडरिक ख्रिस्टेन्सन यानें गोल वस्तु घडविण्याचें यंत्र काढलें व १९०५ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. त्याचा कारखाना १९०३ पासून १९१७ पर्यंत चालला. कामगार सळईवर वितळलेली काच घेऊन यंत्रावर धरी; तुटलेला गोळा खांचेच्या चाकांत फिरून गोल होई. त्यामुळें पोंटिल उरला नाहीं. मात्र काच हातानें पिळून सोडल्यामुळें त्या गोट्यांच्या एका टोंकास इंग्रजी नऊच्या आंकड्यासारखें वळण पुष्कळदां दिसतें. पुढें पहिल्या महायुद्धानें (१९१४-१९१८) जर्मन मालाची आवक थांबली व अमेरिकन कारखान्यांस मैदान मोकळें झालें. १९१४ सालीं पश्चिम व्हर्जिनियांतील क्लार्क्सबर्ग येथें गेलेला ॲक्रो ॲगेट कारखाना १९५१ पर्यंत चालू होता. स्क्रूसारखा फिरत जाणारा पट्टा ही त्याच्या मालाची प्रसिद्ध खूण होय. असा पट्टा एका टोंकाशीं सुरू होऊन दुसऱ्या टोंकाशीं संपतो. मध्यें स्वतःस मिळत नाहीं.

तथापि पोंटिल असला म्हणजे गोटी जुनी ठरली, असें नव्हे. तो हातघडणीचा पुरावा आहे, कालाचा नव्हे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक काचकारागीर हातानें गोट्या घडवीत आहेत व त्यांवरही पोंटिल असतो. प्रामाणिक कारागीर बहुधा त्याजवळ आपली सही कोरतो. ही सही घासून टाकली कीं नवी गोटी जुनी म्हणून विकतां येते. म्हणून पोंटिलाभोंवतीं ताजी घासणी दिसल्यास सावध व्हावें. जुन्या गोटीवर खेळण्याचे विखुरलेले बारीक ओरखडे व पृष्ठाखालीं चंद्रकोरीसारख्या लहान भेगा सहसा असतात. अतिनील प्रकाशांत हिरवी चमकणारी काच युरेनियमयुक्त असते, एवढेंच त्या चमकेवरून ठरतें; तशी काच पुढेंही होत राहिली असल्यानें तीवरून काल काढूं नये.

नांवांचें प्रामाण्य तर याहून कमी. तांब्याच्या कणांनीं सोन्यासारख्या झळकणाऱ्या गोटीस संग्राहक 'लुट्झ' म्हणतात. निकोलस लुट्झ हा मॅसॅच्युसेट्समधील सँडविच येथील कारखान्याचा कुशल काचकार होता व तशी झळकती काच तो वापरी. परंतु त्यानें गोट्या केल्याचा पुरावा नाहीं, आणि या गोट्या जर्मन घडणीच्या आहेत. काळ्या काचेवर रंगीत पट्टे असलेल्या गोटीस 'इंडियन' म्हणतात. तिचाही हिंदुस्थानशीं संबंध नसून ती जर्मनच आहे. हीं नांवें बोलण्याच्या सोयीचीं आहेत. पोथीच्या वेष्टनावर मागाहून कोणीं लिहिलेल्या नांवास आपण जितकें महत्त्व देतों, त्याहून अधिक यांस देऊं नये.

घराण्याची हकीकत व डबी हींही दुय्यम प्रमाणेंच होत. '१९२० सालची आजोबांची थैली' म्हणून आलेल्या संग्रहांत मांजराच्या डोळ्यासारखी, म्हणजे स्वच्छ काचेंत रंगीत पाती असलेली गोटी निघाली, तर थैलींत मागाहून भर पडली हें निश्चित; कारण ही जात दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांतून आली व १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकन कारखान्यांनीं तिचें अनुकरण केलें. डबीचेंही असेंच. १८९० च्या अमेरिकन जकातीच्या कायद्यानें परदेशी मालावर मूळ देशाचें नांव असणें आवश्यक झालें. हें नांव डबीवर असतें, गोटीवर नसतें; आणि जुन्या डबींत नव्या गोट्या भरणें कांहीं कठीण नाहीं. आपल्याकडील जुन्या घरांत निघणाऱ्या साध्या, नक्षी नसलेल्या फिकट गोटीविषयीं आणखी एक शंका घ्यावी. हायरम कॉड या इंग्रजानें १८७२ सालीं पेटंट घेतलेल्या सोड्याच्या बाटलींत तोंड बंद करण्यास काचेची गोटीच असे. गोटीसोडा आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा आहे, व फुटलेल्या बाटलींतील गोटी खेळांत जाणें स्वाभाविक होतें. तेव्हां केवळ जुनेपणावरून अशा गोटीस जर्मन म्हणूं नये.

राहिला मूल्याचा प्रश्न. जात, आकार, स्थिति व रंगांची शोभा या चार गोष्टींवर किंमत ठरते. हातघडणीच्या गोट्यांत मोठा आकार विरळा म्हणून महाग. आंत पांढऱ्या मातीची आकृति असलेल्या 'सल्फाइड' गोट्यांत पशूंच्या आकृति पुष्कळ, मनुष्याच्या थोड्या, आणि रंगीत काचेंतल्या त्याहून थोड्या. स्थितीसाठीं दहा अंकांची श्रेणी वापरतात. किंचित् टवका गेला तरी किंमत बरीच उतरते. येथेंच मोह उत्पन्न होतो. टवके घालविण्यासाठीं गोटी घासून पुन्हां झिलई देतात. गोटी चकाकते; परंतु तिचा व्यास घटतो, पृष्ठाजवळचे पट्टे झिजतात आणि पोंटिल किंवा यंत्राची खूण नाहींशी होते. अर्थात् जिच्यावर तिची ओळख अवलंबून, तीच साक्ष पुसली जाते. जाणते संग्राहक अशा गोटीस कमी किंमत देतात, तें केवळ हौशीपायीं नव्हे. जीर्ण अक्षरांवर नवी शाई फिरवून पोथी 'सुवाच्य' करणाऱ्याचें कृत्य व हें कृत्य यांत आम्हांस भेद दिसत नाहीं. टवका गेलेली गोटी साक्ष देते. घासलेली मुकी होते.

यास्तव संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, गोटी हातीं येतांच ती कोठें व कोणत्या वस्तूंबरोबर मिळाली हें लिहून ठेवावें, व्यास मोजावा, दोन्ही टोंकें भिंगानें पाहून खुणेचें वर्णन करावें, आणि नांव व किंमत यांचा विचार त्यानंतर करावा. धुण्यापलीकडे तिला हात लावूं नये. आकारानें सुपारीएवढी असली तरी एका भट्टीचा, एका कात्रीचा व एका व्यापाराचा इतिहास तिच्यांत आहे. ज्यांनीं ती घडविली त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोठेंच उरलीं नाहींत. त्यांच्या हातची निशाणी म्हणून तो खडबडीत वण तेवढा शिल्लक आहे, आणि तो राखणें हें संग्राहकाचें पहिलें कर्तव्य होय.