पिवळे स्फटिक

जबलपूरच्या बडा शिमला टेकडीच्या परिसरात १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांना दगड झालेली काही हाडे सापडली. ती कोणत्या प्राण्याची, हे सांगू शकणारे तेव्हा कोणीही नव्हते. 'डायनोसॉर' हा शब्दच मुळी १८४२ साली घडवला गेला. ती हाडे कलकत्त्याला पोहोचली आणि १८७७ साली रिचर्ड लिडेकर यांनी त्या प्राण्याचे 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नामकरण केले. वस्तू योगायोगाने एका क्षणात हाती आली. तिचा शोध होण्यास मात्र एकोणपन्नास वर्षे लागली.

पुढे त्याच कलकत्त्यात, प्रेसिडेन्सी कॉलेजच्या रसायनशाळेत, असाच एक योगायोग घडला. प्रफुल्लचंद्र राय यांना मर्क्युरस नायट्रेट मोठ्या प्रमाणात तयार करावयाचे होते. त्यासाठी त्यांनी पाऱ्यावर विरल नायट्रिक आम्लाची क्रिया उष्णता न देता होऊ दिली. भांड्यात अनपेक्षितपणे पिवळे स्फटिक जमले. प्रथमदर्शनी तो आम्लारिधर्मी क्षार असावा, असे त्यांना वाटले. परंतु एवढ्या आम्लयुक्त द्रावणात तसा क्षार तयार होणे नेहमीच्या अनुभवाशी विसंगत होते. हे स्फटिक फेकून देऊन प्रयोग नव्याने मांडणे सोपे होते. राय यांनी त्यांचेच परीक्षण केले आणि ते मर्क्युरस नायट्राइट असल्याचे निष्पन्न झाले. १८९६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. 'नेचर'नेही त्याची दखल घेतली. त्यानंतर कित्येक वर्षे नायट्राइट क्षार हाच त्यांच्या अभ्यासाचा गाभा राहिला.

या दोन घटनांत योगायोग समान आहे. भेद आहे तो पारखण्याच्या सिद्धतेचा. स्लीमन यांच्या काळी ते ज्ञानच उपलब्ध नव्हते. राय यांच्यापाशी ते होते, म्हणून नियमात न बसणारी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ज्याला नियम ठाऊक नाही, त्याला अपवाद दिसत नाही.

शालेय प्रयोगशाळेत परीक्षानळीतील रंग पुस्तकाशी जुळला नाही, की विद्यार्थी बहुधा ती धुऊन टाकतो आणि प्रयोगवहीत पुस्तकातले उत्तर उतरवतो. दहांपैकी नऊ वेळा चूक त्याचीच असते. तरीही जे प्रत्यक्ष दिसले तेच लिहावे, आणि मग कारण शोधावे, ही सवय शाळेतच लागते. विज्ञानशिक्षकाने दिलेली याहून मोठी शिदोरी नाही.