ऑस्टिन सेव्हन : मूळ पाठ आणि खाडाखोड

मोटारींचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या बाजूने लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणते मॉडेल निघाले, त्याची अश्वशक्ती किती, किंमत किती. गाडी विकली गेली की इतिहासकाराचे तिच्यावरचे लक्ष उडते. परंतु चार मालकांच्या हातून गेलेल्या, पत्रा गंजलेल्या गाडीलाही पुढचे चरित्र असते. आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये ते कारखान्याच्या चरित्राहून अधिक वाचनीय झाले, असे आमचे मत आहे.

ऑस्टिन सेव्हन ही गाडी १९२२ साली आली. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या आरेखकाला हाताशी धरून आपल्या घरी बिलियर्डच्या खोलीत तिचे आराखडे तयार केले. लवकरच ७४७ घनसेंटिमीटर झालेले चार सिलिंडरांचे चिमुकले इंजिन, दोनच बेअरिंगांवर फिरणारा क्रँकशाफ्ट आणि पुढे निमुळता होत जाणारा लोखंडी सांगाडा, एवढाच तिचा संसार. १९३९ पर्यंत अशा सुमारे २,९०,००० गाड्या निघाल्या. मोटारसायकलला साइडकार जोडून फिरणारे कुटुंब तिच्यामुळे छपराखाली आले.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालेला होता. नव्या गाड्या परदेशी चलनासाठी निर्यात होत. पेट्रोलचे रेशनिंग मे १९५० पर्यंत चालले. वेगाची हौस आणि रिकामा खिसा घेऊन फिरणाऱ्या तरुणाला परवडण्यासारखी एकच गोष्ट उरली होती : भंगाराच्या भावाने मिळणारी जुनी सेव्हन. तिच्यात फेरफार करून जी गाडी बने तिला ‘स्पेशल’ म्हणत.

फेरफार म्हणजे नेमके काय? पहिला मोह शक्ती वाढवण्याचा. सिलिंडरचे हेड घासून पातळ केले की दाब वाढतो आणि इंजिन जोर धरते. पण या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी बसवलेले. हेड जास्त घासले तर व्हॉल्व्हवरची जागाच आक्रसते आणि श्वास कोंडतो. शिवाय १९५३ पर्यंत मिळणारे ‘पूल’ पेट्रोल हलक्या प्रतीचे, त्याला जास्त दाब सोसत नसे. फेरे वाढवावेत तर दोन बेअरिंगांमधला क्रँकशाफ्ट लवू लागे, प्रसंगी मोडे. थोडक्यात, मूळची तुटपुंजी अश्वशक्ती वाढवायला पैसे लागत आणि ते वाढवून इंजिन लवकर मरे.

वजन कमी करायला मात्र करवत पुरे. वेग वाढण्याचा दर शक्ती आणि वजन यांच्या प्रमाणावर ठरतो. तेव्हा छप्पर, दारे, काचा, गाद्या उतरवणे म्हणजे फुकटात अश्वशक्ती मिळवणे होय. जाणते लोक त्याआधीही एक काम करीत, ज्याचे कौतुक कोणी करीत नाही : तारेवर चालणारे मूळचे दुबळे ब्रेक नीट जुळवणे आणि पुढच्या स्प्रिंगचे पाटे सपाट करून गाडी जमिनीलगत आणणे. वळणावर जी गाडी कमी मंदावते तिला सरळ रस्त्यावर कमी शक्ती पुरते. (अडाणी हौशी मात्र आवाज वाढवून समाधान मानीत. तो संप्रदाय सर्व देशांत चिरंजीव आहे.)

कॉलिन चॅपमन हा लंडनचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी जुन्या गाड्यांचा जोडधंदा करी. १९४७ मध्ये खासगी वापराचे पेट्रोल बंद झाले, बाजार कोसळला आणि त्याच्या गळ्यात १९२८ ची एक सेव्हन पडली. तिची बॉडी काढून त्याने विमानबांधणीतल्यासारखी प्लायवुड व ॲल्युमिनियमची हलकी बॉडी चढवली. १९४८ ची ही गाडी म्हणजे पहिली लोटस. पुढे १९५१ मध्ये ‘७५० मोटर क्लब’च्या स्पर्धेसाठी त्याने तिसरी गाडी केली. नियम असा की इंजिन आणि सांगाडा सेव्हनचाच हवा. या इंजिनात शेजारच्या दोन सिलिंडरांना हवा घेण्यासाठी एकच तोंड असते, त्यामुळे एक दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवतो. चॅपमनने त्या वाटेत मधोमध एक पडदी घातली आणि प्रत्येकाला स्वतंत्र श्वास दिला. गाडी इतकी पुढे गेली की नंतर नियमच बदलून ही युक्ती बाद करावी लागली. आम्हांला ही पडदी त्याच्या पुढच्या सर्व जगज्जेत्या गाड्यांहून मोठी वाटते. कारण येथे त्याच्यापाशी फक्त मूळ रचनेचे बारकाईने केलेले वाचन होते.

तिकडे न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लारेनचीही पहिली शर्यतीची गाडी सुट्या भागांतून उभी केलेली सेव्हनच होती.

परंतु पाठचिकित्सेची सवय लागलेल्या आमच्यासारख्यांना एक प्रश्न सोडत नाही. प्रत्येक स्पेशलसाठी एक मूळ गाडी कापली गेली. कुटुंबाला छपराखाली आणणाऱ्या त्या बॉड्या कुंपणापलीकडे गंजून गेल्या, आणि पुढच्या पिढीतले संग्राहक आज त्यांच्यासाठी पैसे मोजतात. काहीजण तर जुनी स्पेशल मोडून तिच्या सांगाड्यावर पुन्हा मूळची बंद गाडी उभारतात. यांतला कोणता पाठ अस्सल मानायचा? कारखान्याचा, की अनाम हातांनी गरजेपोटी खोडून लिहिलेला? आमचा कौल दुसऱ्याला आहे. मात्र तो देताना त्या गंजलेल्या बॉड्या नजरेआड करणे आम्हांला जमत नाही.

चॅपमनची ती पहिली गाडी १९५० मध्ये विकली गेली. तिच्या शोधासाठी अलीकडे जाहीर आवाहनेही झाली, पण पत्ता लागलेला नाही. कोणा पुढच्या मालकाने तिलाही कापून तिच्यातून तिसरेच काही केले असावे, असा आमचा तर्क आहे.