तबकडी धुण्याच्या यंत्राची कुळकथा

फाल्गुन सरून बालाघाटाच्या पठारावर चैत्राचे वारे वाहू लागले, म्हणजे नांगरून उघड्या पडलेल्या काळ्या रानातून जी बारीक, मऊ धूळ उठते, ती गेवराईपासून परळीपर्यंत आणि आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत कोणत्याही घराच्या दारे-खिडक्यांना जुमानत नाही. पोथीच्या रुमालात आणि फडताळातल्या पितळी भांड्यांवर तिचा थर सापडतोच, पण ज्या घरात वडिलार्जित ध्वनिमुद्रिकांचा संग्रह कोणी निष्ठेने सांभाळला असेल, तेथे तर ती तबकडीच्या रेषारेषांत वतनदारासारखी ठाण मांडून बसते. अशा संग्रहाचा वारसा ज्यांच्याकडे आला, त्यांपैकी काही मंडळी अलीकडे तबकडी धुऊन तिच्यावरचे पाणी हवेच्या ओढीने शोषून घेणाऱ्या यंत्रांची चौकशी करू लागली आहेत, आणि नावे व किमती यांच्या याद्यांत स्वाभाविकपणेच गोंधळून जात आहेत. माझे मत असे आहे की, हे यंत्र घेण्यापूर्वी त्याचे कूळ पाहावे. कारण ज्या तबकड्यांसाठी ते जन्मास आले, त्या तबकड्या आणि मराठवाड्यातील पेट्या-संदुकांतून निघणाऱ्या तबकड्या यांच्यात फार मोठे अंतर आहे.

या कुळाचा आरंभ लाखेपासून करावा लागतो. पळस, बोर, कुसुम यांसारख्या वृक्षांच्या कोवळ्या डहाळ्यांवर वस्ती करणारा एक क्षुद्र कीटक जो स्राव सोडतो, त्याचीच लाख बनते, आणि एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये सपाट तबकडीचे पेटंट मिळविल्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तबकडीचे द्रव्य म्हणून तिची योजना झाली. त्या लाखेचा मोठा पुरवठा छोटा नागपूरच्या अरण्यांतून होत असे. ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गायिका गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा त्याच्या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरचा कारखाना गाठावा लागला. कलकत्त्यास सियालदा येथे १९०८ मध्ये कारखाना उभा राहिला, तेव्हा कोठे हा द्राविडी प्राणायाम संपला.

आमचा बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात, अव्वल तालुकदाराच्या अमलाखाली होता, आणि नगरच्या बाजूने येणारा माल राज्याच्या हद्दीत शिरला म्हणजे त्याला करोडगिरीच्या नाक्यावर महसूल भरावा लागे. अर्थात फोनो आणि त्याच्या तबकड्या हा ऐवज प्रथम जहागीरदार, देशमुख, वकील, सावकार अशांच्या वाड्यांतच आढळत असे. तबकडी पुसण्याची रीत तेथे साधी होती. मऊ फडक्याने किंवा मखमलीच्या छोट्या गादीने वरवर पुसावे, नवी पोलादी पिन बसवावी आणि चावी द्यावी, एवढेच. कारण त्याहून अधिकाची गरजच भासत नसे. लाखेच्या तबकडीत लाख ही एकंदर वजनाचा लहानसा हिस्सा असे. उरलेला भाग पाटीच्या दगडाची पूड, काजळी आणि सुताचे तंतू यांचा. ती पूड मुद्दाम घातलेली असे, यासाठी की पोलादी पिनेचे टोक पहिल्या काही फेऱ्यांतच झिजून रेषेच्या आकाराला यावे आणि पुढे ते तबकडीला कमी ओरबाडावे. जेथे तबकडीच स्वतः अखंड खरखर करीत होती, तेथे धुळीचा आवाज त्यातून वेगळा काढणार कोण? पुढे लाऊडस्पीकरचा धंदा करणाऱ्यांनी परळीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतून, अंबाजोगाईस योगेश्वरीच्या मार्गशीर्षातील उत्सवातून आणि लग्नसराईच्या मांडवांतून याच तबकड्या गावोगाव वाजविल्या, आणि धोतराच्या सोग्याने पुसलेल्या त्या तबकड्यांवर ऐकणारा समुदाय तृप्त होत असे. त्या ऐकण्यात उणेपणा होता असे मी मुळीच मानीत नाही.

पण द्रव्य पालटले आणि प्रश्नही पालटला. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकन सैनिकांसाठी १९४३ पासून ज्या व्ही-डिस्क नावाच्या तबकड्या निघाल्या, त्यांत व्हिनाइलचा उपयोग होऊ लागला. आणि जून १९४८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन आमच्या जिल्ह्याचा कारभार पालटला त्याच वर्षी, कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक काळ वाजणारी एल.पी. बाजारात आणली. लाखेच्या तबकडीवर तीन मिनिटांत बसवावा लागणारा राग तिने मोकळा केला, हे तिचे उपकार मोठे आहेत. परंतु हा अवकाश तिने रेषा सूक्ष्म करूनच मिळविला होता. लाखेच्या तबकडीवर चालणाऱ्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन असे, तर एल.पी.साठी ती २५ मायक्रॉनवर आली, आणि १९५८ नंतर स्टीरिओ तबकड्यांचा प्रसार झाल्यावर १८ मायक्रॉनपर्यंत उतरली. अशा सुईपुढे धुळीचा कण म्हणजे वाटेत पडलेली शिळाच होय. शिवाय व्हिनाइल मुळात निःशब्द असल्याने प्रत्येक कण चट् चट् असा स्वतंत्रपणे ऐकू येऊ लागला. आणि सर्वांत विपरीत गोष्ट अशी की, ते फडक्याने घासले असता त्यावर स्थिर विद्युत् साचते व हवेतली धूळ अधिकच ओढली जाते. पुसण्याची पिढ्यानपिढ्यांची क्रिया अशा रीतीने धुळीलाच निमंत्रण देणारी ठरली.

पाण्याने धुवावे, तर दुसरे संकट. पाणी रेषेतला मळ सोडवते खरे, पण ते तेथेच वाळले तर सोडविलेला सगळा मळ रेषेच्या तळाशी घट्ट बसतो, आणि आधी सैल असलेला कण आता चिकटून राहतो. धुण्याच्या सर्व खटाटोपाचे मर्म येथे आहे: मळ ओला असतानाच पाण्यासकट उचलून न्यावा लागतो, आणि ते काम फडक्याचे नव्हे, हवेच्या ओढीचे आहे.

ही हवेची ओढ कोठून आली, तेही पाहण्यासारखे आहे. १९०१ मध्ये लंडनच्या एका नाट्यगृहात ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या स्थापत्य-अभियंत्याने धूळ काढण्याच्या एका अमेरिकन यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र हवा फुंकून धूळ उडवीत असे. फुंकण्याऐवजी हवा ओढून का घेऊ नये, असे बूथच्या मनात आले, आणि एका उपाहारगृहातल्या गुबगुबीत खुर्चीवर रुमाल धरून त्यातून त्याने तोंडानेच हवा ओढून पाहिली. रुमालाच्या खालच्या अंगास धुळीचा काळा ठसा उमटला. त्याच वर्षी त्याने पेटंट घेतले. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीवर बसविलेले होते. ते रस्त्यावर उभे राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्याच यंत्राने स्वच्छ झाले. गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरला तेही वर्ष तेच. या दोन वाटा एकत्र यावयास मात्र पुढे साठ वर्षांहून अधिक काळ जावा लागला, कारण मधल्या काळात तबकडीला या सेवेची गरजच पडली नव्हती.

गरज प्रथम ओळखली ती इंग्लंडमधील सेसिल वॉट्स या यंत्रज्ञाने. ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या बनविण्यात आयुष्य घालविलेल्या या गृहस्थाने १९५० नंतरच्या दशकात ‘डस्ट बग’ नावाचे एक छोटेसे साधन काढले; त्याला नायलॉनच्या केसांचा कुंचला आणि मखमलीचे लहानसे रूळ असे, आणि तबकडी वाजत असतानाच ते सुईपुढची वाट झाडीत जाई. वॉट्सने सूक्ष्मदर्शकातून रेषेचे निरीक्षण करून मळाचे स्वरूप लोकांना समजावून सांगितले, ही त्याची कामगिरी त्या साधनाहूनही मोलाची आहे. पुढचे पाऊल पर्सी विल्सन यांचे. ‘द ग्रामोफोन’ या मासिकाचे तांत्रिक संपादक म्हणून प्रसिद्ध असलेल्या विल्सन यांनी मळाची कारणे व उपाय यांची शास्त्रीय मीमांसा केली, आणि द्रव लावून तो शोषून घेणाऱ्या यंत्राचा नमुना सिद्ध केला. त्या नमुन्यावरून कीथ मंक्स याने १९६९ मध्ये विक्रीसाठी यंत्रे बनविण्यास प्रारंभ केला, आणि बी.बी.सी.सारख्या नभोवाणी-संस्था व ग्रंथालये यांनी ती घेतली.

मंक्सच्या यंत्राची रचना मनोहर आहे. तबकडी फिरते, कुंचला तिच्यावर द्रव पसरतो, आणि मग एक बारीक शोषणनळी, आतल्या नाममुद्रेपासून निघून अगदी सावकाश बाहेरच्या कडेपर्यंत, एकेक रेषा कोरडी करीत जाते. नळीचे तोंड तबकडीला लागू नये म्हणून दोहोंच्या मध्ये एक धागा असतो, आणि तो रिळावरून सतत थोडा थोडा पुढे सरकत असल्याने तबकडीला प्रत्येक वेळी नवा, निर्मळ धागाच स्पर्श करतो. एका तबकडीचा मळ दुसरीला लागू नये, एवढ्यासाठी केलेली ही योजना पाहिली म्हणजे, हे यंत्र ज्यांनी कल्पिले त्यांचे संगीतावर खरे प्रेम होते, याविषयी शंका उरत नाही. ब्रिटनमधील लॉरिक्राफ्टची यंत्रे याच शाखेतली.

दुसरी शाखा अमेरिकेतली. १९८० च्या सुमारास हॅरी वाइसफेल्ड यांच्या व्ही.पी.आय. कंपनीने आणि निटी ग्रिटीने जी यंत्रे काढली, त्यांत सबंध त्रिज्येवर आडवी बसणारी, मखमलीचे ओठ असलेली फटीची नळी असते. दोन-तीन फेऱ्यांत सर्व पाणी एकदम ओढले जाते, आणि घरगुती झाडण्याच्या यंत्रातली असते तशीच मोटर तेथे गर्जत असते. ओकी नोकी आणि ऑस्ट्रियाच्या प्रो-जेक्टची यंत्रे याच वळणाची. ध्वनिलहरींनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उठवून धुणारी अगदी अलीकडची यंत्रे निराळ्या कुळातली असल्याने त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

आता आपल्या संग्रहाकडे यावे. अमेरिकेत वा इंग्लंडात ज्याच्या घरी तबकड्या आहेत, त्याच्याजवळ बहुतांशी बारा इंची एल.पी. असतात. आपल्याकडे लाख व व्हिनाइल दोन्ही दीर्घकाळ एकत्र नांदली. १९६० नंतरच्या दशकात बीटल्सची गाणी भारतात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर निघत होती, यावरून तो काळ किती लांबला हे ध्यानात यावे. त्यामुळे अंबाजोगाईच्या अथवा माजलगावच्या एखाद्या जुन्या घरातली पेटी उघडली, तर तीत बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, जी. एन. जोशी यांच्या दहा इंची लाखेच्या तबकड्या, सात इंची ई.पी. आणि थोड्या एल.पी. असा मिश्र ऐवज निघणे अधिक संभवनीय. फटीची नळी बारा इंचांच्या मापाची असते. दहा आणि सात इंचांसाठी तिच्या निराळ्या नळ्या मिळतात की नाही, हे विचारल्यावाचून असे यंत्र घेऊ नये. एकेक रेषा कोरडी करणाऱ्या बारीक नळीला तबकडीच्या व्यासाची अडचण येत नाही, म्हणून मिश्र संग्रहाला माझ्या मते मंक्सचीच शाखा अधिक मानवते. पण तिची किंमत लाखाच्या पलीकडे जाते, आणि म्हणून शंभर-दीडशे तबकड्यांच्या संग्रहासाठी बदलत्या नळ्यांचे फटीचे यंत्र घेणे हाच व्यवहार्य तोडगा होय. परदेशातून मागवायचे, तर ते २३० व्होल्टचे आहे याची खात्री करावी. अमेरिकेतल्या घरगुती विजेचा दाब निराळा आहे. मोटर बरीच वीज ओढते, तेव्हा भारनियमनाच्या वेळी घरच्या इन्व्हर्टरवर ती चालविण्याचा मोह धरू नये.

काही हौशी लोक जुन्या रेकॉर्ड प्लेअरची फिरती तबकडी आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर यांची सांगड घालून स्वतःच यंत्र करतात. १९८२ पासून युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार फिरून ते साधन शहरांतल्या मराठी घरांतही पोहोचविलेले असल्याने हा मार्ग अशक्य नाही. परंतु कोरड्या धुळीसाठी केलेल्या मोटरीत पाणी गेले तर जिवाशी खेळ होतो. ओल्या कामासाठीच बनविलेले यंत्र घ्यावे आणि मध्ये पाणी अडविणारी बरणी अवश्य बसवावी.

यंत्राहून पाण्याची चिंता मोठी. आमच्याकडच्या बोअरचे क्षारयुक्त पाणी तबकडीवर घातले, तर धूळ जाऊन चुना राहील. बॅटरीवाल्यांकडे मिळणारे क्षारविरहित पाणी आणावे आणि त्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब घालावेत. व्हिनाइलसाठी त्यात आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा लहानसा अंश चालतो. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि परदेशी यंत्राबरोबर आलेली द्रवाची बाटली डोळे झाकून ओतणारा मनुष्य एका दुपारी आजोबांच्या सर्व तबकड्यांचा नाश करू शकतो. म्हणून बाटलीवरचा मजकूर अक्षरन् अक्षर वाचावा. लाखेच्या तबकडीवर पाणीही फार वेळ राहू देऊ नये, कारण तिच्या पोटातले सुताचे तंतू ते शोषतात; आणि कडेला चीर असेल तर ती यंत्रावर चढवूच नये.

वैशाखात येथली हवा इतकी कोरडी असते की दोन फेऱ्यांपलीकडे शोषण चालविले तर व्हिनाइलवर पुन्हा विद्युत् साचते. म्हणून धुण्याचे काम पावसाळ्यात किंवा भल्या सकाळी काढावे. मखमलीच्या पट्ट्या प्रत्येक तबकडीनंतर झाडाव्यात व झिजताच बदलाव्यात. धुतलेली तबकडी जुन्या कागदी पिशवीत परत घालू नये, कारण चाळीस वर्षांची धूळ त्या पिशवीतच आहे. नवी पिशवी घ्यावी. मात्र जुनी पिशवी टाकू नये. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जमविलेल्या माहितीसारख्या अभ्यासात अशा पिशव्यांवरचे क्रमांक आणि दुकानांचे शिक्के हाही पुरावा असतो. ती पुसून, घडी न करता, निराळ्या दप्तरात क्रमाने लावून ठेवावी.