सहवाचन आणि कच्चें मडकें

वाचन हा एकांतांतला व्यवसाय आहे, अशी आजच्या सुशिक्षित गृहस्थाची समजूत दिसते. दिवसाचें काम आटोपलें, दार लोटलें आणि पुस्तक उघडलें, म्हणजे वाचनाची सर्व सामग्री सिद्ध झाली, असें त्यास वाटतें. या समजुतीस आमचा विरोध नाहीं. परंतु ती फार जुनी नाहीं, हें सांगितलें पाहिजे. छापखाना येण्यापूर्वीं, आणि आल्यावरहि पुष्कळ दिवस, महाराष्ट्रांत ग्रंथ हा बहुधा मंडळींत बसून ऐकण्याचा विषय होता. चातुर्मास लागला म्हणजे देवळाच्या सभामंडपांत किंवा वाड्याच्या ओसरीवर पोथी लागे. एकानें ओवी म्हणावी, दुसऱ्यानें अर्थ सांगावा, तिसऱ्यानें शंका काढावी, आणि उरलेल्यांनीं आपापला अनुभव त्याशीं ताडून पाहावा, असा तो क्रम असे. आज पांचसात गृहस्थ महिन्यांतून एकदां एकच पुस्तक वाचून एकत्र बसूं लागले, तर ही परदेशी टूम आहे, असें म्हणून हसणारे लोक भेटतात. तिचें मूळ आपल्या इतिहासांत किती खोल आहे, आणि तिच्यापासून मनुष्यास कोणता लाभ व्हावा, याचा येथें थोडा विचार करूं.

या विचारास औंढा नागनाथाइतकें योग्य स्थळ दुसरें नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतील या गांवीं नागनाथाचें प्राचीन दगडी देवालय आहे. त्याचें गर्भगृह जमिनीखालीं असून आंत जाणारास अंग चोरून व मान लववून उतरावें लागतें. नामदेवांस विसोबा खेचर हे गुरु येथेंच भेटले, अशी परंपरा आहे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव रागावले, तेव्हां “जेथें देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव,” असें विसोबांनीं सांगितलें, आणि तशी जागा कांहीं सांपडेना. ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु नामदेव औंढ्यास कां आले, हा तिचा पूर्वार्ध आमच्या विषयास अधिक महत्त्वाचा आहे.

संतमंडळी एकत्र बसली असतां मुक्ताबाईनें गोरोबा कुंभारांस विचारलें कीं, हें थापटणें कशाचें? त्यानें मडकें कच्चें कीं पक्कें तें कळतें, असें उत्तर येतांच, मग आमचीहि परीक्षा करा, असें तिनें सुचविलें. गोरोबांनीं एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारीत नेलें. सर्वांनीं तें निमूटपणें सोसलें. नामदेव मात्र चिडले, आणि हें मडकें कच्चें ठरलें. नामदेवांस हा अपमान वाटला, तरी तो त्यांच्या मनांतून जाईना. अखेर ते औंढ्याची वाट चालूं लागले.

ही हकीकत इतिहासाच्या कसोटीस उतरणार नाहीं, हें उघड आहे. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात. महीपतीचा ‘भक्तविजय’ १७६२ सालचा. चारशें वर्षांनंतरच्या लेखकाची साक्ष घटनेविषयीं घेतां येत नाहीं. परंतु समाजाच्या मनाविषयीं ती अवश्य घेतां येते. महीपतीची पोथी गांवोगांव मंडळींत वाचली गेली. म्हणजे ऐकणाऱ्या पिढ्यांनीं आपल्या मनाशीं एक आदर्श ठेवला होता: जी मंडळी आपल्या माणसाचें कच्चेपण त्याच्या तोंडावर सांगते, आणि तो शिकून परत आल्यावर त्यास पुनः आपल्यांत घेते, ती खरी मित्रमंडळी. स्तुति करणारे सोबती नामदेवांस पंढरपुरांत थोडे नसतील. पण त्यांस औंढ्यास धाडणारे मित्र निराळे होते.

त्या काळचा श्रेष्ठ ग्रंथहि मंडळींसाठींच झाला. १२९० मध्यें नेवाशास सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी हें श्रोत्यांपुढें केलेलें निरूपण आहे. श्रोत्यांची विनवणी, त्यांचें अवधान, त्यांचा संतोष यांचा उल्लेख तींत पदोपदीं येतो. ज्ञानदेव व नामदेव यांच्या सहप्रवासाची आठवण नामदेवांच्या नांवावरील ‘तीर्थावळी’च्या अभंगांनीं जपली. १२९६ सालीं ज्ञानदेवांनीं समाधि घेतली. नामदेवांची वाणी पुढें पंजाबपर्यंत पोंचली, आणि १६०४ मध्यें संकलित झालेल्या शीखांच्या आदिग्रंथांत तिला स्थान मिळालें. २०१५ सालीं मराठी साहित्यसंमेलन पंजाबांतील घुमान येथें भरलें, तें याच नात्यानें.

आतां औंढ्याहून मुंबईकडे, आणि पोथीकडून छापील पुस्तकाकडे वळूं. १८४८ मध्यें एल्फिन्स्टन संस्थेंतील तरुणांनीं आपली एक विद्वत्सभा काढली. तिला जोडून मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. तेथें एकानें निबंध वाचावा आणि इतरांनीं त्यावर बोलावें, अशी रीत होती. विशीच्या आसपासच्या त्या तरुणांचें काम शब्दांवरच थांबलें नाहीं. १८४९ मध्यें त्यांनीं मुलींच्या शाळा काढल्या आणि प्रथम स्वतःच तेथें शिकविलें. त्याच वर्षीं दादोबा पांडुरंगादिकांनीं परमहंस सभा स्थापिली. तिचे सभासद बंद दाराआड जातिभेद मोडीत. पण सुमारें १८६० मध्यें सभासदांच्या नांवांचे कागद चोरीस जातांच सभा विस्कळित झाली. १८६७ चा प्रार्थनासमाज तिच्याच अनुभवांतून शहाणा होऊन उघड्यावर उभा राहिला. खोलींत मिळालेलें धैर्य रस्त्यावर टिकेल तेव्हांच तें पक्कें म्हणावें, हा याचा बोध.

अशा मंडळांत दुसराहि एक दोष शिरतो. न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांनीं १८७८ मध्यें पुण्यास ग्रंथकारांची सभा भरविली. १८८५ च्या सभेचें निमंत्रण आलें असतां जोतीराव फुल्यांनीं तें कठोर पत्र लिहून नाकारलें. ज्यांस माणुसकीचे हक्कहि मिळूं दिले जात नाहींत, त्यांचें दुःख या ग्रंथकारांच्या सभेस कसें समजणार, असा त्यांचा रोख होता. औंढ्याची दुसरी आख्यायिका येथें आठवते. कीर्तन करणाऱ्या नामदेवांस देवळापुढून उठवून मागें बसविलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें. म्हणून नंदी मागें राहिला, असें सांगतात. आपण कोणास मागें बसविलें आहे, हें प्रत्येक मंडळानें विचारीत राहिलें पाहिजे. पुरुषांच्या वाचकमंडळानें तर विशेषच. कारण गोरोबांच्या बैठकींत पहिला प्रश्न विचारणारी एक मुलगी होती.

मराठवाड्यांत ही गोष्ट आणखी निकडीची होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभार व उच्च शिक्षण उर्दूंत, आणि सार्वजनिक सभेस सरकारी परवानगी, अशा स्थितींत लोकांनीं शाळा व ग्रंथालयें यांचा आसरा घेतला. हैदराबादेंत तेलुगु भाषकांनीं १९०१ मध्यें श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलय हें ग्रंथालय काढलें. मराठी भाषकांची विवेकवर्धिनी शाळा १९०७ मधील. पुस्तक हें तेथें माणसांनीं एकत्र येण्याचें निरुपद्रवी दिसणारें निमित्त होतें. औंढ्याच्याच जिल्ह्यांतील कुरुंदा गांवीं १९३२ मध्यें जन्मलेले नरहर कुरुंदकर हे या परंपरेचें फळ. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या घरीं हैदराबादेस त्यांस ग्रंथांचा सहवास घडला. परीक्षेंत अपयश आलें, पण वाचन थांबलें नाहीं. पुढें नांदेडास आधीं शाळेंत व नंतर पीपल्स कॉलेजांत शिकवितांना त्यांच्या भोवती मित्रांची व विद्यार्थ्यांची मंडळी जमे आणि वाद रंगत. १९८२ मध्यें भर सभेंतच त्यांचा अंत झाला. पदवीनें न मिळणारी विद्वत्ता संवादानें मिळते, याचें याहून जवळचें उदाहरण कोणतें द्यावें?

मध्यमवर्गीय पुरुषास चाळिशीनंतर नवा मित्र क्वचित् मिळतो. कचेरींत स्पर्धा, नात्यांत देणेंघेणें. आपलें भय किंवा अज्ञान उघडें करावें अशी जागा उरत नाहीं. पुस्तक ती जागा देतें. कादंबरींतील बापाविषयीं बोलतां बोलतां मनुष्य स्वतःच्या बापाविषयीं बोलूं लागतो, आणि ऐकणारा तें जाणूनहि पुस्तकाचेंच नांव घेतो. या मर्यादेंतून स्नेह वाढतो. मात्र केवळ परस्परांची वाहवा करावयाची असेल तर पुस्तकाची गरज नाहीं, चहा पुरे. “येथें तुम्ही कच्चे आहांत,” असें सांगणारा मित्र, तें ऐकून रुष्ट झाला तरी पुढल्या बैठकीस येणारा मित्र, आणि दाराशीं उभ्या असलेल्या नव्या माणसास जागा देणारी मंडळी, एवढें जमलें म्हणजे ग्रंथ कोणताहि चालेल.