सीसी मोठी म्हणून गाडी भरवशाची?

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग पेण आणि वडखळ ओलांडून कासूला येतो व तेथून नागोठण्याकडे जातो. या वाटेने मोटारसायकलवरून कोकणात निघालेली मंडळी चहाला थांबली की एक वाद हमखास निघतो : लांबच्या प्रवासाला 350 सीसीची गाडी भरवशाची की 100 सीसीची? भर पावसात, रात्री, वस्तीपासून दूर गाडी बंद पडली तर काय होते याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांच्या दृष्टीने हा वाद पोकळ नाही. आपण त्याचे उत्तर इतिहासात शोधू या.

प्रथम सीसी म्हणजे काय ते पाहू. दट्ट्या सिलिंडरमध्ये वरून खाली येताना जेवढी जागा मोकळी करतो, तिचे घनफळ म्हणजे सीसी, अर्थात घनसेंटिमीटर. 1955 पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास 7 सें.मी. आणि दट्ट्याची धाव 9 सें.मी. वृत्तचितीचे सूत्र वापरा, उत्तर 346 येते. 1985 साली आलेल्या हिरो होंडा सीडी 100 चे हेच आकडे 5 आणि 4.95 सें.मी.; उत्तर 97.

या दोहोंच्या मधल्या काळात म्हैसूरची 250 सीसीची जावा आणि 175 सीसीची राजदूत यांनी रस्ते गाजवले. ही इंजिने दोन धावांची, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यांत झडपा नाहीत, हलते भाग थोडे. पण वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे आणि ते जळून प्लगवर व सायलेन्सरमध्ये काजळी धरे. म्हणून जाणता चालक जवळ एक जादा प्लग बाळगी. सीडी 100 चे इंजिन चार धावांचे होते. त्याचे तेल वेगळे राही, आणि ठिणगी पाडणाऱ्या, झिजणाऱ्या पॉइंटांऐवजी त्यात इलेक्ट्रॉनिक जोडणी होती. इंजिन लहान, पण वारंवार कुरकुर करणारे दुवेच कमी झाले.

मग मोठ्या इंजिनाचा उपयोग काय? हवेचा विरोध मोडून काढायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला तर ती जवळजवळ 3.4 पट होते. सपाट रस्त्यावर ताशी 60 कि.मी. वेगाला, टायरांचे घर्षण धरून, साधारण 3 अश्वशक्ती पुरतात. 90 ला 8 ते 9 लागतात. जुन्या बुलेटची कमाल शक्ती सुमारे 18, सीडी 100 ची सुमारे 7.5. म्हणजे 60 ला बुलेट आपल्या ताकदीचा सहावा भाग वापरते, तर लहान गाडी दोन पंचमांश. 90 हा वेग तिच्या आवाक्यातच नाही. मागे माणूस, सामान आणि कशेडीसारखा चढ आला की ती सतत पूर्ण ताणावर चालते, तापते, झिजते. सीसी मोठी असली की ताकद शिल्लक राहते.

भरवसा मात्र वेगळ्या हिशोबाने ठरतो. प्लग, साखळी, केबल, वायरिंग असे दहा भाग धरा. त्यांतला कोणताही एक बिघडला की गाडी थांबते. प्रत्येक भाग प्रवासभर टिकण्याची शक्यता 99 टक्के असली, तरी सगळे एकत्र टिकण्याची शक्यता 0.99 चा दहावा घात, म्हणजे सुमारे 90 टक्के. तीच 99.9 केली तर एकूण 99 टक्के. या गुणाकारात सीसी कोठेच येत नाही. येते ती भागांची घडण, त्यांच्यावरचा ताण आणि मालकाने घेतलेली काळजी.

म्हणून चहाच्या टपरीवरील दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. ताशी 50 ने जाणाऱ्या एकट्या प्रवाशाला सांभाळलेली 100 सीसी पुरते. दोघांना सामानासह भराभर जायचे तर ती गाडीला शिक्षा ठरते. एप्रिल 2020 च्या प्रदूषण नियमांनंतर नव्या गाड्यांत पेट्रोल संगणकाच्या हुकमाने फवारले जाऊ लागले. बारीकसारीक कुरबुरी घटल्या, पण बिघाड झालाच तर तो रस्त्याकडेला पान्याने सुटेलच असे नाही.

विद्यार्थ्यांना गावच्या गॅरेजमध्ये महिनाभर एक वही ठेवायला सांगा : गाडी किती सीसीची, कोणता भाग बिघडला, तेल शेवटचे कधी बदलले होते? त्या नोंदींवरून हा वाद वर्गात पुढे चालवता येईल.