शिकारीचा परवाना आणि बैगा

आपल्या बालाघाट जिल्ह्यात वाघाच्या शिकारीच्या कथा पुष्कळ; पण शिकारीचा अधिकार कोणाला होता, हे क्वचितच विचारले जाते. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलात साहेब परवाना काढून मचाणावर बसे. पिढ्यान्‌पिढ्या धनुष्यबाणाने शिकार करणारा बैहरकडचा बैगा मात्र गुन्हेगार ठरला. हाकाऱ्याला माणसे लागत, ती त्याच गावांतली! व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात ही व्यथा नोंदविली आहे. स्वातंत्र्यानंतरही पंक्तिप्रपंच सुटला नाही. १९४७ ते १९५१ या काळात विजयनगरमच्या महाराजकुमारांनी कान्हा परिसरात परवानगीने ३० वाघ मारले. व्याघ्रशिकार १९७० मध्ये बंद झाली. मोठ्या शिकारीचे उरलेले परवाने १९९१ च्या कायदादुरुस्तीने संपले. बैग्याचे धनुष्य त्याआधीच कित्येक वर्षे खुंटीला लागले होते.