एक मुंगी, चार नावं

डेटाबेसवर काम करणाऱ्यांना एक दुखणं चांगलं ठाऊक असतं. एकाच ग्राहकाच्या तीन-चार नोंदी, आणि माणूस एकच आहे हे सांगणारा दुवा नेमका गायब! प्राणिशास्त्रात असाच घोळ शंभरहून जास्त वर्षं चालला होता. तो घातला जमिनीखाली राहणाऱ्या डोरायलस मुंग्यांनी. (डोरायलस हे त्यांचं शास्त्रीय आडनाव समजा. या आडनावाच्या कितीतरी जाती आफ्रिका आणि आशियात आहेत.)

सुरुवात १७६४ सालची. दक्षिण आफ्रिकेतून आलेला एक कीटक लिनियसच्या हाती पडला. तीनएक सेंटीमीटर लांब, पंख, टपोरे डोळे, मागे सॉसेजसारखं लांबोडकं पोट. त्याने सरळ गांधीलमाश्यांच्या यादीत टाकला. १७९३ मध्ये त्याच्याच शिष्याने, फॅब्रिशियसने, 'डोरायलस' हे नवं आडनाव दिलं. हा खरं तर मुंगीचा नर होता.

मग १८३९ मध्ये वेस्टवुड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने काही आंधळ्या कामकरी मुंग्यांना 'टिफ्लोपोन' म्हटलं. पुढच्याच वर्षी शकार्डने आफ्रिकेतल्या कामकऱ्यांना 'अनोमा' म्हटलं. १८६३ मध्ये जावाहून आलेल्या एका राणीला गेरस्टेकरने 'डिक्थाडिया' नाव दिलं. झाली चार आडनावं! गंमत म्हणजे याच वेस्टवुडने १८३५ मध्ये भारतातल्या एका नराला 'डोरायलस ओरिएंटालिस' असं नाव दिलं होतं. म्हणजे एकाच माणसाने एकाच घराण्याची दोन खाती उघडली :-)

पण या लोकांना हसण्यात अर्थ नाही. मुंगीची शरीररचनाच तशी आहे. कामकरी मुंगीला डोळेच नाहीत. मातीखालच्या अंधारात त्यांचा उपयोग काय? तिचा सगळा कारभार वासावर आणि स्पर्शावर. त्यातही एकाच वसाहतीत काही कामकरी दोन-तीन मिलिमीटरच्या, तर काही त्यांच्या कित्येक पट मोठ्या, धारदार जबड्यांच्या. राणीलाही डोळे नाहीत, पंखही नाहीत. ती म्हणजे अंड्यांनी भरलेलं एक प्रचंड पोट. काही आफ्रिकन जातींत ती पाच सेंटीमीटरपर्यंत जाते, मुंग्यांमध्ये सर्वात मोठी. उडत जाऊन दुसरी वसाहत गाठायची असते फक्त नराला, म्हणून डोळे आणि पंख त्याच्या एकट्याकडे.

आणि खरी मेख इथेच आहे. रात्री दिव्यावर येतो तो नर. त्यामुळे म्युझियमचे खण नरांनी भरले, आणि राणी मात्र लाखो पहारेकऱ्यांच्या मध्ये जमिनीखाली. जे सहज हाती लागतं त्यावरच आपण नावं ठेवतो!

गुंता सुटायला लागला तो प्रत्यक्ष मुंग्यांजवळ जाऊन बसणाऱ्यांमुळे. थॉमस सॅव्हेज हा अमेरिकन मिशनरी डॉक्टर पश्चिम आफ्रिकेत होता. (१८४७ मध्ये गोरिलाचं शास्त्रीय वर्णन करणारा तो हाच.) मुंग्यांच्या रांगा बघता बघता त्याला कामकऱ्यांबरोबर नर चालताना दिसले, आणि १८४९ मध्ये त्याने ते छापलं. लिनियसच्या त्या पहिल्या जातीची राणी असावी अशा मादीवर रोलंड ट्रायमनने निबंध लिहिला तो १८८० मध्ये. नर सापडल्यावर तब्बल ११६ वर्षांनी! शेवटी १८९५ मध्ये इटलीच्या एमरीने सगळी खाती 'डोरायलस'मध्ये विलीन केली. जुनं नाव टिकतं, हा तिथला नियम.

आपल्याकडेही याच सुमारास मुंग्यांची मोजदाद चालू होती. १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये वनाधिकारी रॉटनची भारतीय मुंग्यांवरची लेखमाला आली. फोरेलची फ्रेंच लेखमालाही त्याच वर्षी तिथेच सुरू झाली. ओरिएंटालिस तर आजही जमिनीखालून बटाटे पोखरते. शेतकऱ्याला बटाटा उकरेपर्यंत पत्ता नसतो.

डोरायलस म्हटलं की टीव्हीवरच्या, रान साफ करत जाणाऱ्या फौजा आठवतात. पण बहुतेक जाती वर येतच नाहीत. ज्या जातीच्या राणीला 'डिक्थाडिया' म्हटलं होतं, तिच्यावर मलेशियात अभ्यास झाला. भोकांच्या बादल्या मातीत पुरून त्यात पाम तेल ओतलं आणि मुंग्यांना बोलावलं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. लष्करी मुंग्या म्हणजे कायम भटक्या, असा समज होता. या मात्र जमिनीखाली पक्के रस्ते बांधून तेच पुन्हा पुन्हा वापरत होत्या.

असो. डोरायलसच्या काही जातींचा आजही फक्त नर माहीत आहे. म्हणजे विलीनीकरणाचं काम अजून चालूच आहे. तेव्हा पावसाळ्यात दिव्यावर एखादा लांबोडका, पिवळट तपकिरी किडा आपटला, तर झटकण्याआधी एकदा बघा. पायाखाली त्याचं अख्खं खानदान असू शकतं.